नळीवरची वेळ

३ मार्च, सोमवार

ही वही घेतली त्याला चार महिने झाले. पहिल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आणि एक फोन नंबर आहे — कुणाचा ते आठवत नाही. लिहायचं रोज ठरवते आणि रोज काहीतरी निघतं. काल पेन सापडत नव्हतं. परवा पेन सापडलं, तर शेजारच्या खोलीतली मांजर व्यायली. चार पिल्लं. एक अगदी पांढरं, कान तेवढे काळे — पण ते जाऊ दे.

खरं कारण लिहून टाकते. वही उघडली की ताईबद्दल लिहावं लागेल, म्हणून चालढकल.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझ्या वेण्या घातल्या, माझी भांडणं निस्तरली. दहावीत मी नापास झाले तेव्हा रडली ती, मी नाही. "पंधरा दिवस जरा हिंडून येते," म्हणून मी निघाले, त्याला आता अडीच वर्षं होतील. मधे एक फळबाग झाली, एक धोबीखाना झाला, एका खाणावळीत भांडी झाली. पायाला भिंगरी आहे तुझ्या, असं ताई म्हणायची. रागाने नाही म्हणायची, हाच तर त्रास आहे.

तिचा नंबर पाठ आहे. कधी कधी दाबतेसुद्धा. शेवटचा आकडा तेवढा दाबत नाही.

सध्या इस्पितळात आहे. म्हणजे आजारी नाही, नोकरी. वॉर्डातून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या इमारतीत लॅब आहे तिथे द्यायच्या. दिवसातून वीस फेऱ्या. सगळे मला नळीवाली म्हणतात. बसून राहायचं काम नाही म्हणून टिकलेय.

४ मार्च, मंगळवार

लॅबमधल्या मशीनमावशींनी आज हात धरून बसवलं. या बाई मशीनवर असतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शाळामास्तरणीचा. "काय नेतेस-आणतेस ते तरी समजून घे," म्हणाल्या.

जांभळ्या टोपणाच्या नळ्यांवर सध्या नवी तपासणी चालू आहे. शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी लढायला उठतात. त्यांतल्या एका जातीच्या पेशी अशा वेळी एकसारख्या राहत नाहीत. काही फुगतात, काही तशाच. मशीन त्यांच्या आकारातला फरक मोजतं. मावशी त्याला पसारा म्हणतात. पसारा विसाच्या आत असला तर बहुधा बरं. वर गेला तर सेप्सिसची शंका घ्यायची.

"सेप्सिस म्हणजे?"

"म्हणजे जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःवरच उलटतं. सुरुवातीला साधा ताप वाटतो. नंतर तासागणिक माणूस हातचा जातो. म्हणून आधी कळलेलं बरं."

मग त्यांनी विचारलं, "धोबीखान्यात होतीस ना तू? कपडा भिजत पडला की काय होतं?"

"फुगतो."

"पेशींचं तेच. नळीत पडून राहिल्या तरी फुगतात. दोन तासांच्या आत मशीनला लागल्या पाहिजेत. नाहीतर धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसेल. म्हणून नळीवर रक्त काढल्याची वेळ लागते. ती वेळ म्हणजे देवापुढची शपथ समज."

मी हो हो केलं. वेळ खरं तर सिस्टरने लिहायची असते. पण तिचे हात कायम भरलेले. "वेळ तू टाक गं," म्हणते. मी टाकते. बहुतेक वेळा लॅबच्या दाराशी, भिंतीला नळी टेकवून.

५ मार्च, बुधवार

तीन नंबर वॉर्डात एक म्हातारे आहेत. त्यांना सगळे कप्तान म्हणतात. चाळीस वर्षं नदीवर फेरीबोट चालवली. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. सुकाणू धरून धरून झाला म्हणतात, पण बहुतेक जन्माचाच असावा. पायाच्या जखमेसाठी दीड महिना इथेच आहेत, ती आता भरत आलीय.

मला बघितलं की ओरडतात, "ए नळीवाले, कुठे भरकटली होतीस?" त्यांना खोटं सांगता येत नाही. आज मांजरीचं सांगितलं.

"पांढऱ्याचं नाव काय ठेवलंस?"

"अजून नाही."

"ठेवू नकोस. नाव ठेवलं की गुंतायला होतं."

मग स्वतःच म्हणाले, की त्यांची मुलगी येणार आहे. नऊ वर्षांनी. लग्नावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. गेल्या महिन्यात बोटीवरच्या मिस्त्रीबरोबर निरोप आला — ९ तारखेच्या रविवारी सकाळच्या बोटीने येते, धक्क्यावर या. बोट आठवड्यातून एकदाच. सकाळी येते, संध्याकाळी परत जाते. डॉक्टरीणबाईंनी शनिवारी घरी सोडायचं कबूल केलंय. कप्तानांनी बूटसुद्धा पुसून पलंगाखाली ठेवलेत.

"ओळखेल का हो तुम्हाला?"

"खांद्यावरून ओळखेल. तिचाही असाच आहे."

बाहेर आल्यावर सिस्टरला सांगितलं तर ती हसली. "मुलगी? कागदावर नातेवाइकांच्या रकान्यात रेघ मारलीय त्यांनी. मी विचारलं होतं, म्हणाले कोणी नाही. एकटी माणसं असंच काहीबाही रचतात गं."

मला वाटतं खरं असावं. रचलेल्या मुलीचा खांदा कोण सांगेल?

६ मार्च, गुरुवार

आठ आकडे दाबले. ताई आता शिलाई मशीनवर असेल, म्हणून ठेवून दिला. ती मशीनवर नसते कधी!

७ मार्च, शुक्रवार

आज एक गोष्ट घडली. लिहावी की नाही कळत नाही.

सकाळी तीन जांभळ्या नळ्या घेतल्या. कप्तानांची, अकरा नंबरच्या बाईची आणि एका सुताराची. कप्तानांना रात्री किंचित कणकण होती म्हणून घरी सोडण्याआधी एकदा बघायचं, एवढंच. आठ वाजून वीस मिनिटं. सिस्टर म्हणाली, "वेळ टाक."

रस्त्याच्या कडेला एका नव्या दुकानाच्या काचेवर पाटी रंगवणारा बसला होता. काचेच्या आत बसून, उलटी अक्षरं काढत. म्हणजे त्याला उलटी, आपल्याला सुलटी. आधी सावली काढतो, मग कडा, सगळ्यात शेवटी अक्षराचं अंग. जे आपल्याला आधी दिसतं ते तो सगळ्यात शेवटी रंगवतो. असं कुणी डोक्यात कसं ठेवू शकतं? मी विचारलं. त्याने सांगितलं. मग एक अक्षर मला काढू दिलं. ते बिघडलं, ते त्याने पुसलं. मग चहा झाला.

खिशात हात घातला तेव्हा नळ्या लागल्या. कोमट झाल्या होत्या.

लॅबच्या घड्याळात दहा पंचावन्न. नळ्यांवर वेळेची जागा कोरी. आठ वीस लिहिलं असतं तर मावशींनी तीनही नळ्या टोपलीत फेकल्या असत्या आणि मला दारातून बाहेर. मी भिंतीला टेकवून दहा चाळीस लिहिलं. तीनदा. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

८ मार्च, शनिवार

कप्तानांचा पसारा सव्वीस आला.

त्यांना दाराजवळच्या काचेच्या खोलीत हलवलंय. हाताला सलाईन, जोरदार औषध. सुताराचा आणि अकरा नंबरचाही आकडा वर होता, पण ते दोघे तापाने फणफणलेलेच होते, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. कप्तानांचं मात्र मावशींना कोडं पडलंय. "काचपट्टीवर रक्त पसरून बघितलं मी. जंतू असले की निघतात त्या कोवळ्या पेशी दिसत नाहीत फारशा. मग पसारा एवढा का?" असं दोनदा म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही, मशीनकडे बघून.

डॉक्टरीणबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. तरुण आहेत, रात्रभर जागल्यासारख्या दिसतात. कप्तान त्यांना सांगत होते, "अहो, मला उद्या सकाळी धक्क्यावर जायचंय. माझी मुलगी येतेय." बाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने हळूच मान हलवली, नाही म्हणून.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "कणकण आहे, आकडा वर आहे, त्यात हे असं बोलणं. म्हाताऱ्या माणसात बडबड हीच पहिली खूण असते. मी धोका पत्करणार नाही."

म्हणजे मुलगी हीसुद्धा खूण झाली! कप्तान जितकं सांगतील तितके आजारी ठरतील.

बूट अजून जुन्या पलंगाखालीच आहेत. मी जाऊन आणले नाहीत.

९ मार्च, रविवार

सकाळी बोटीचा भोंगा वॉर्डापर्यंत ऐकू आला. कप्तानांनी डोळे मिटून घेतले.

मी दिवसभर बोलायचं ठरवत होते. बोलले नाही.

१० मार्च, सोमवार

बोलले.

काल खोलीवर जेवण गेलं नाही. सकाळी सात वाजताच लॅबच्या पायरीवर जाऊन बसले. मावशी आल्या, कुलूप काढलं, म्हणाल्या, "आज सूर्य कुठे उगवला?" मी म्हटलं, "शुक्रवारच्या तीन नळ्यांवर मी खोटी वेळ टाकली."

त्यांनी चष्मा काढला. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरी किती?"

"आठ वीस."

"अडीच तासांच्या वर. कुठे होतीस?"

पाटीवाल्याचं सांगितलं. सांगताना ते इतकं फुसकं वाटत होतं. मावशींनी चष्मा परत नाकावर चढवला. मग म्हणाल्या, "आळशी असतीस तर तुला कधीच काढलं असतं. तू आळशी नाहीस. तू हजर नसतेस, एवढंच." आणि हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंना तिथे सगळं परत सांगावं लागलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "कळतंय का तुला? मी त्या आकड्यावर विश्वास ठेवून माणसाला औषध दिलं. उद्या खरा आकडा आला आणि मी म्हटलं, नळीवालीने उशीर केला असेल, तर?"

तिघांचं रक्त परत काढायचं ठरलं. आणि मी तिथे उभं राहायचं, ही मावशींची अट. तिघांना परत सुई, माझ्यामुळे. अकरा नंबरच्या बाईची शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. ती मलाच म्हणाली, "तू का रडतेस गं? हात माझा आहे."

वेळ सिस्टरने स्वतः लिहिली. तीही माझ्याकडे बघत नव्हती. मी रस्ता धावत ओलांडला. पाटीवाल्याने हाक मारली, थांबले नाही. चार मिनिटं.

अकरा नंबर — अठ्ठावीस. ताजी नळी, तरी अठ्ठावीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध शुक्रवारपासून चालू आहे ते बरं झालं. सुतार — एकवीस, उतरतोय.

कप्तान — सतरा.

११ मार्च, मंगळवार

कप्तानांचं जोरदार औषध बंद झालं. पण त्याने पोट पार बिघडलंय, अंगात त्राण नाही. येत्या सोमवारपर्यंत तरी सोडणार नाहीत.

आज त्यांना मीच सांगितलं. सगळं, काचेवरच्या अक्षरासकट. ते छताकडे बघत होते.

"म्हणजे मला काही झालं नव्हतं."

"नाही."

"मी म्हणतच होतो."

मला वाटलं, आता शिव्या देतील. बोटीवरच्या माणसाकडे भरपूर असणार. ते म्हणाले, "धक्क्यावर एक बाक आहे. तिथे बसली असेल. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचा राग अजून गेलेला नाही."

"कागदावर तुम्ही रेघ का मारलीत?"

"निरोप येण्याआधी भरला होता कागद," एवढंच म्हणाले आणि कूस बदलली. भिंतीकडे.

मला काढून टाकलेलं नाही. महिनाभर रोज मावशींना तोंड दाखवायचं आणि प्रत्येक फेरीची वेळ सही करून द्यायची. काढलं असतं तर निघून जाता आलं असतं. मी निघून जाण्यात पटाईत आहे. थांबणं येत नाही मला.

१२ मार्च, बुधवार

दुपारची सुट्टी घेऊन धक्क्यावर गेले. तिकिटाच्या खिडकीत एक कारकून, पेन्सिलीने कान कोरत.

"रविवारी सकाळच्या बोटीने एक बाई आली होती का? कुणाची तरी वाट बघत?"

"होती एक. त्या बाकावर बसली होती. मला दोनदा विचारलं, फेरीबोटवाले कप्तान आले होते का. मी नवा आहे, मला काय माहीत कप्तान कोण."

"मग?"

"मग काय? मी चारला घरी गेलो. संध्याकाळच्या बोटीने गेली असेल. बसून बसून माणूस कंटाळणारच की."

"खांदा कसा होता तिचा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बडबडते आहे.

म्हणजे ती होती. खरी होती. बाकावर हात ठेवून बघितला. लाकूड उन्हाने तापलेलं. तिथे बसल्यावर समोर फक्त पाणी दिसतं आणि डावीकडे गावातून येणारा रस्ता. ती पाण्याकडे पाठ करून बसली असणार.

आणि मग एकदम ताई. आमच्या घरी खिडकीशी मशीन आहे, तिथून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो. पंधरा दिवसांनी, सोळाव्या दिवशी, तिने मशीन खिडकीकडे थोडं वळवून घेतलं असेल का? ती असं काही करते आणि सांगत नाही.

येताना पाटीवाल्याकडे गेले. तो नवी काच पुसत होता. "परवा का गं तोंड फिरवून पळालीस?" सांगितलं त्याला. त्याने ब्रश खाली ठेवला. "मग त्यात माझाही हात आहे म्हण की," म्हणाला. आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर, बघता बघता, निळ्या अक्षरात लिहून दिलं —

फेरीबोटवाले कप्तान इस्पितळात आहेत. वॉर्ड तीन. येणार होते, येता आलं नाही. नळीवालीला विचारा.

"शेवटचं कशाला?" मी म्हटलं.

"चूक तुझी ना? मग सांगायचंही तूच."

पाटी बाकाच्या वरच्या खांबाला दोरीने बांधली. कारकून म्हणाला, "गेलेल्या माणसासाठी पाटी?" पण बांधू दिली. दोरी घट्ट आहे की नाही ते तीनदा बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

एकोणीस फेऱ्या. एकदाही थांबले नाही. रस्त्यात दोन बैल... नाही. काही बघितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कप्तानांना पाटीचं सांगितलेलं नाही. आशा लावून ठेवायची आणि मग ती फुगत बसायची, नळीत पडल्यासारखी. नको.

ते आता मला ओरडून हाक मारत नाहीत. आज मात्र मी नळी घेऊन निघाले तेव्हा म्हणाले, "पांढऱ्याचं नाव ठेवलंस?"

"ठेवलं."

"काय?"

"पसारा."

ओठ जरा हलले. हसू नव्हतं, पण त्याच्या आसपासचं काहीतरी होतं. मग म्हणाले, "तुझं कुणी आहे का गं कुठे?"

"ताई आहे."

"तिला माहीत आहे तू कुठे आहेस?"

नळीवर आठ वाजून दहा लिहिलं होतं, वेळ चालली होती. निघाले.

१५ मार्च, शनिवार

नऊ आकडे. मग बराच वेळ दहाव्यावर बोट. तिने "कोण?" म्हटलं तर काय सांगायचं? मी बोलतेय? मी म्हणजे कोण, असं तिने विचारलं तर?

कप्तान सोमवारी सुटणार. बूट मी आणून ठेवलेत, पुसून. त्यांनी बघितले.

१६ मार्च, रविवार

फाटकावरचा माणूस वॉर्डाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "नळीवाली कोण? तुझ्याकडे कोणीतरी बाई आलीय." मला क्षणभर ताई वाटली. जिना कसा उतरले आठवत नाही.

ताई नव्हती. चाळिशीची बाई, हातात प्रवासाची पिशवी आणि पुठ्ठ्याची पाटी, दोरीसकट. डावा खांदा दोन बोटं खाली.

ती गेलीच नव्हती. आठवडाभर याच गावात होती. वडिलांच्या कुलूप लावलेल्या घरासमोरून रोज जायची, शेजारी कुणी नीट सांगेना. आज परतीची बोट पकडायला सकाळीच धक्क्यावर जाऊन बसली, तर डोक्याच्या वर खांबाला पाटी. "राग आहे म्हणून आले नाहीत असं वाटलं होतं," म्हणाली. मी तिला तिथेच, जिन्याखाली, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आधी त्यांना बघू दे. तुझ्यावर नंतर चिडते."

वर ड्रेसिंग चालू आहे. सिस्टर म्हणाली, दहा मिनिटं बाहेर बसा. सिस्टर तिच्या खांद्याकडे बघतच राहिली होती. कप्तानांना अजून ठाऊक नाही. ती इथे माझ्या शेजारी बाकावर बसली आहे, पाटी मांडीवर. मी लिहितेय ते बघून विचारलं, "काय लिहितेस?"

म्हटलं, तुम्ही किती वाजता आलात ते.

नऊ वाजून वीस मिनिटं. ही वेळ खरी आहे.